रे. गा.

अम्माच्या डिस्चार्ज कार्डावर
युनिट दोन आहे, खाट तेवीस आहे,
मोठ्या डॉक्टरांचं नाव छापील,
छोट्या डॉक्टरांची सही, न लागणारी.
सिस्टरचं नाव नाही.

मे महिना. सोलापूरचा मे.
सिव्हिलच्या भिंती रात्री दोनलाही हाताला चटका देत होत्या.
एकेचाळीस खाटा, खाली सतरंज्यांवर सात जण
आणि एक सिस्टर.
टेबलावर, कापलेल्या सलाइनच्या बाटलीत
कालचा गुलाब,
परिचारिका दिनाचा, प्रत्येकीला एक.
त्याला पाणी घालायला कुणाला वेळ नव्हता
तरी कुणीतरी घालत होतं.

अम्माला शुद्ध नव्हती, पण बोटं जागी होती.
पस्तीस वर्षं रोज हजार बिड्या,
ती बोटं काय ताप चढला म्हणून थांबतात?
चादरीचा काठ घ्यायची, वळायची,
टोक नखानं आत दाबायची,
नसलेला दोरा गुंडाळायची.
मग सलाइनची नळी हाती लागली,
तीही वळायला घेतली.
सुई दोनदा निघाली. रक्त उशीपर्यंत.

मामा म्हणाला, हात बांधा तिचे.
सिस्टरनं पट्टी आणलीसुद्धा.
खाटेशी उभी राहिली, बोटांकडं बघत.
मग डॉक्टरांना फोन लावला,
पायाची शीर शोधली, टिचक्या मारत, टॉर्च दातात धरून,
आणि हात मोकळे सोडले.
पट्टीचे तिनं तुकडे केले,
तेंदूचं पान कापतात तेवढेच,
ठेवले अम्माच्या पोटावर.
"घ्या, बालामणी. आजचा हजार पुरा करा."

बालामणी.
घरात ती अम्मा, गल्लीत गुंडेटींची सून,
कारखान्यात कार्डाचा नंबर.
तिचं नाव मी कितीतरी वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकलं.
"नोप्पी उंदा, बालामणी?"
पलीकडच्या खाटेशी, "ब्यानी ऐतेन, यव्वा?"
दाराजवळच्या म्हातारीला, "दुखताय क्या, अम्मी?"
आणि मला, जिन्यात,
"रडायलीस का गं? चहा पिऊन ये जा. मी हाय की."

पहाटे अम्माच्या पोटावर
पांढऱ्या बिड्यांचा ढीग होता.
एकही चाट निघाली नसती.
तापाच्या तक्त्यावर दर दोन तासांनी एक टिंब
आणि टिंबाशेजारी बारीक अक्षरात
रे. गा.
रे. गा.
रे. गा.

पेढे दिले ते डॉक्टरांना.
सिस्टरची ड्युटी बदलली होती.
खरं सांगायचं तर
मी शोधलंही नाही.

मंगळवार बाजारात, थंडीत,
मेथीच्या ढिगापुढं एक बाई म्हणाली,
"खाट तेवीस की ओ तुम्ही! बालामणींची मुलगी."
हिरवी साडी, हातात दोन पिशव्या,
कपाळावर कुंकू पसरलेलं.
मी हसले, जसं आपण हसतो
माणूस आठवत नसलं की.
बचत गटातली असेल, म्हटलं.

"बोटं काय म्हणत्यात त्यांची?"
तेव्हा कळलं.
म्हटलं, "थांबली. दसऱ्याच्या आदल्या रात्री."
ती काही बोलली नाही.
पिशव्या खाली ठेवल्या, माझं मनगट धरलं
आणि तिची बोटं आपसूक नाडीवर गेली.
तिला ते कळलंही नसावं.
ओठ हलत होते, मोजत होती.
भाजीवाला ओरडत होता, मेथी घेताय का नाही,
आम्ही दोघी उभ्या.

मग मी विचारलं, नाव काय तुमचं?
"सिस्टरच म्हणा की."
नाही, म्हटलं. नाव.
लाजली. लग्नातला उखाणा घ्यावा तशी
इकडंतिकडं बघून म्हणाली,
"रेवम्मा. रेवम्मा गावडे."

कार्ड अजून आहे, पत्र्याच्या पेटीत,
अम्माच्या बिडीच्या कात्रीखाली.
आता ते कुठल्या कामाचं नाही.
खाट तेवीसच्या खाली बॉलपेननं लिहिलं.
शाई पहिल्यांदा उठलीच नाही,
तर गिरवून लिहिलं.